घास अडकतो, पण आजाराचे नाव कोणी सांगत नाही : अन्ननलिकेच्या हालचालीचे आजार कसे ओळखतात?

हडपसर परिसरात आरोग्य शिबिर लावले की रक्तदाब, साखर आणि डोळे तपासायला रांग लागते. १४ एप्रिलच्या आसपास तर बहुतेक विहारांत, मंडळांच्या मांडवात एखादे शिबिर असतेच. या शिबिरांत एक तक्रार मात्र नेहमी बाजूला पडते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. माणूस सांगतो, "जेवताना घास छातीत अडकतो." समोरचा विचारतो, "जळजळ होते का?" होते म्हटले की कागदावर 'अ‍ॅसिडिटी' लिहिले जाते, गोळ्यांचे पाकीट हातात पडते आणि पुढच्या माणसाला हाक दिली जाते.

रामटेकडीच्या एका मावशींच्या बाबतीत असेच दोन वर्षे चालले. आधी भाकरी अडकायची, पाणीही अडकायचे. रात्री आडवे झाल्यावर जेवलेले तोंडात परत यायचे, ठसका लागून जाग यायची. वजन उतरले. खोकला आणि वजन पाहून थुंकी तपासली, क्षयरोग नव्हता. कोणी म्हणाले मनाचे आहे, कोणी दृष्ट लागली म्हणून अंगारा आणला. दुर्बिणीची तपासणी झाली, तीही 'नॉर्मल' आली. मावशींनी लग्नकार्यात जेवणे बंद केले; चारचौघांत घास परत आला तर काय, ही भीती. शेवटी एका डॉक्टरांनी दुसऱ्या दोन तपासण्या करायला सांगितल्या आणि आजाराला नाव मिळाले : अ‍ॅकॅलेशिया. नाव मिळाल्यावर उपचार ठरला. आज मावशी पंगतीत बसून जेवतात.

ही दोन वर्षे वाचू शकली असती. त्यासाठी कार्यकर्त्याने डॉक्टर होण्याची गरज नाही. घास अडकण्याची तक्रार ऐकल्यावर कोणते प्रश्न विचारायचे, कोणती तपासणी कोणत्या क्रमाने होते आणि रिपोर्टवरच्या शब्दांचा अर्थ काय, एवढे कळले तरी पुष्कळ आहे. म्हणून हा लेख.

अन्ननलिका म्हणजे नुसता पाइप नव्हे

आपल्याला वाटते की घास गिळला की तो वजनाने खाली पडतो. तसे नाही. माणूस उलटा लटकला तरी गिळलेले पोटात जाऊ शकते, कारण अन्ननलिका ते ढकलते. ही नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि स्नायूंची असते. घास वरून आत शिरला की त्याच्या मागचा भाग आवळतो, पुढचा भाग सैल पडतो आणि ही लाट खालपर्यंत जाते. टूथपेस्टची ट्यूब वरून बोटांनी दाबत आणावी, तसे हे काम चालते. एका लाटेला खालपर्यंत पोहोचायला साधारण आठ ते दहा सेकंद लागतात.

नळीच्या दोन्ही टोकांना स्नायूंचे दरवाजे आहेत. खालचा दरवाजा एरवी बंद असतो, म्हणून पोटातले आम्ल वर येत नाही. गिळल्याबरोबर तो उघडावा लागतो आणि घास गेला की पुन्हा बंद व्हावा लागतो. ही सगळी वेळ नळीच्या भिंतीतल्या मज्जापेशींचे जाळे सांभाळते. काही पेशी 'आवळ' म्हणतात, काही 'सैल हो' म्हणतात.

अ‍ॅकॅलेशियात यातल्या 'सैल हो' सांगणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. मग खालचा दरवाजा गिळल्यावरही उघडत नाही आणि वरून येणारी लाटही बिघडते. अन्न नळीतच साचते, कुजते, रात्री वर येते, कधी श्वासनलिकेत उतरते. छातीत जळजळही होते. पण ती बहुतेक वेळा पोटातून वर आलेल्या आम्लाची नसते, साचून आंबलेल्या अन्नाची असते. म्हणूनच पित्ताच्या गोळ्यांनी फरक पडत नाही. हा आजार विरळ आहे, वर्षाला लाखात साधारण एकाला नव्याने होतो. बाई असो वा पुरुष, कोणत्याही वयात होऊ शकतो. तो संसर्गाने पसरत नाही, आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यात काही दोष नसतो.

हा आजार नवाही नाही. इंग्लंडमधील थॉमस विलिस या डॉक्टरांनी १६७४ मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन केले होते. देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून त्या रुग्णाला रोज अन्न खाली ढकलावे लागे. साडेतीनशे वर्षांपूर्वी डॉक्टरला जे दिसले होते, त्यासाठी आज आपल्या माणसाने अंगाऱ्यावर दिवस काढावेत, हे आम्हाला पटत नाही.

पहिली तपासणी फुकट आहे : प्रश्न विचारणे

यंत्राआधी प्रश्न. शिबिरात बसलेला कार्यकर्ताही हे विचारू शकतो.

पहिला प्रश्न, गिळायला सुरुवात करतानाच अडचण येते की गिळून झाल्यावर छातीत अडकते? घशातच अडत असेल, पाणी नाकातून येत असेल, प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल, आवाज बदलला असेल, तर दोष बहुधा घशाच्या स्नायूंत किंवा मेंदूत असतो. पक्षाघात, पार्किन्सन अशा आजारांत हे होते. त्याची वाट वेगळी.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. फक्त घट्ट अन्न अडकते की पाणीही? आधी भाकरी, मग भात, मग पेज आणि शेवटी पाणी, अशी पायरीपायरीने अडचण वाढत गेली असेल तर नळीचा रस्ता आतून अरुंद होत असावा. त्यात कर्करोगाची शंका आधी घ्यावी लागते. सुरुवातीपासूनच घट्ट आणि पातळ दोन्ही अडकत असेल, कधी जास्त कधी कमी होत असेल, तर हालचालीच्या आजाराची शक्यता वाढते.

तिसरा प्रश्न, किती दिवसांपासून? पन्नाशीपुढचा माणूस, तक्रार काही महिन्यांचीच आणि वजन झपाट्याने उतरते आहे, तर एक दिवसही थांबू नये. आपल्या वस्त्यांत तंबाखू, मिश्री आणि दारू आहे. राज्यात २०१२ पासून बंदी असूनही गुटखा मिळतो. अन्ननलिकेच्या कर्करोगाशी या व्यसनांचा थेट संबंध आहे. मिश्री लावणाऱ्या आयाबायांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, तो आपण विचारला पाहिजे.

अ‍ॅकॅलेशियाचा त्रास मोजायला डॉक्टर एक्कार्ट गुणांक वापरतात. घास अडकणे, अन्न परत येणे, छातीत दुखणे आणि वजन घटणे, या चार गोष्टींना प्रत्येकी ० ते ३ गुण. एकूण १२. उपचारानंतर हे गुण ३ किंवा त्याहून कमी झाले तर साधारणपणे उपचार लागू पडला असे मानतात. वहीच्या पानावर बसणारी ही गोष्ट आहे. रुग्णाने ती लिहून नेली तर दोन मिनिटांच्या तपासणीतही डॉक्टरला नेमके चित्र मिळते.

तपासण्यांचा क्रम

घास अडकत असेल तर पहिली मोठी तपासणी दुर्बिणीची, म्हणजे एन्डोस्कोपीची. तिचे मुख्य काम कर्करोग, व्रण, अरुंद झालेली जागा किंवा सूज शोधणे हे आहे. नळी वरून चांगली दिसत असली तरी डॉक्टर काही वेळा छोटे तुकडे तपासायला घेतात, कारण अ‍ॅलर्जीसारखी एक सूज नुसत्या नजरेला दिसत नाही.

इथेच मोठी गफलत होते. दुर्बीण 'नॉर्मल' आली म्हणजे आजार नाही, असा अर्थ रुग्ण घेतो, कधी कधी डॉक्टरही घेतात. दुर्बीण नळीची भिंत दाखवते, तिची हालचाल मोजत नाही. अ‍ॅकॅलेशियाच्या सुरुवातीच्या काळात दुर्बिणीत काहीच विशेष दिसत नाही असे घडते. दुर्बीण नॉर्मल आणि घास तरीही अडकतो, तर तपास तिथे संपत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

दुसरी तपासणी बेरियमची. रुग्णाला पांढरे बेरियमचे पाणी प्यायला देऊन एक्स-रे काढतात. अ‍ॅकॅलेशियात वर फुगलेली नळी आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते टोक दिसते. घड्याळ लावून १, २ आणि ५ मिनिटांनी चित्रे काढली तर बेरियम किती उंचीपर्यंत साचून राहिले हेही मोजता येते. ही तपासणी जुनी, तुलनेने स्वस्त आणि अजूनही उपयोगी आहे.

तिसरी तपासणी हालचाल मोजणारी, मॅनोमेट्री. हिच्याशिवाय आजाराचा प्रकार पक्का ठरत नाही. नाकातून एक बारीक नळी पोटापर्यंत सोडतात. तिच्यावर साधारण एकेक सेंटिमीटरवर दाब मोजणारे सेन्सर असतात. नाकात बधिर करणारी जेली लावतात, भूल देत नाहीत, कारण रुग्णाने गिळले पाहिजे. आडवे झोपवून ५ मिलिलिटर पाण्याचे दहा घोट देतात, मग बसवून आणखी काही घोट. भराभर पाच छोटे घोट आणि २०० मिलिलिटर पाणी सलग पिणे, अशाही चाचण्या असतात. नाकातून नळी जाताना मळमळते, डोळ्यांत पाणी येते, पण कापाकापी नाही आणि तपासणी थोड्या वेळात संपते. संगणकावर दाबाचे रंगीत चित्र उमटते : निळा कमी दाब, लाल-जांभळा जास्त.

ही दाट सेन्सरची पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेत रे क्लाउझ यांच्या कामातून उभी राहिली. आधीच्या यंत्रांत मोजकेच सेन्सर असत आणि दोन सेन्सरच्या मधे काय चालले आहे ते सुटून जाई.

शिकागो वर्गीकरण : नावे कशी ठरतात

यंत्र आले, पण प्रत्येक डॉक्टर चित्र आपापल्या परीने वाचू लागला तर रुग्णाला प्रत्येक ठिकाणी वेगळे नाव मिळेल. म्हणून जगभर एकच मोजमाप असावे यासाठी शिकागो वर्गीकरण तयार झाले. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील पीटर काहरिलास आणि जॉन पँडोल्फिनो यांचा त्यात मोठा वाटा. पहिले रूप २००९ च्या सुमारास आले, नंतर २०१२ आणि २०१५ मध्ये सुधारणा झाल्या आणि सध्याची चौथी आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली.

या वर्गीकरणाचा पाया तीन मोजमापांवर आहे. रिपोर्टवर ती इंग्रजी अक्षरांत असतात, म्हणून नीट पाहा.

आयआरपी : गिळल्यावर खालचा दरवाजा किती सैल पडला. आकडा जास्त म्हणजे दरवाजा नीट उघडला नाही. एका प्रचलित यंत्रावर आडव्या स्थितीत १५ ही मर्यादा धरतात, दुसऱ्या यंत्रावर ती वेगळी असते. म्हणून दोन ठिकाणचे आकडे थेट ताडून पाहू नयेत.

डीसीआय : खालच्या भागातल्या लाटेचा जोर. ४५० ते ८००० साधारण ठीक. १०० च्या खाली म्हणजे लाट उमटलीच नाही, ८००० च्या वर म्हणजे फाजील जोर.

डीएल : लाट खालपर्यंत यायला लागलेला वेळ. ४.५ सेकंदांपेक्षा कमी म्हणजे आकुंचन वेळेआधीच झाले.

यावरून आधी एकच प्रश्न विचारतात : दरवाजा उघडतो की नाही?

दरवाजा उघडत नाही आणि एकही लाट नीट होत नाही, तर अ‍ॅकॅलेशिया. त्याचे तीन प्रकार २००८ मध्ये वेगळे ओळखले गेले. पहिल्या प्रकारात नळी थकलेली असते, दाबच निर्माण होत नाही. दुसऱ्या प्रकारात किमान २० टक्के घोटांत सगळी नळी एकदम दाबली जाते, बंद बाटली मुठीत आवळावी तशी. तिसऱ्या प्रकारात किमान २० टक्के घोटांत वेळेआधीची, झटक्यासारखी आकुंचने येतात. छातीत दुखणे यात जास्त आढळते. दरवाजा उघडत नाही पण लाटा काही प्रमाणात शाबूत आहेत, तर त्याला निर्गम अडथळा म्हणतात. हे निदान नुसत्या मॅनोमेट्रीवर पक्के करायचे नाही. रुग्णाला तशी लक्षणे हवीत आणि बेरियमसारख्या दुसऱ्या तपासणीचा दुजोरा हवा, असे चौथी आवृत्ती बजावते.

दरवाजा नीट उघडतो पण लाट बिघडली आहे, तर दुसरा गट. शंभर टक्के घोटांत लाटच नाही, तर आकुंचनाचा पूर्ण अभाव. किमान २० टक्के घोट वेळेआधीचे, तर अन्ननलिकेचा झटका, म्हणजे स्पाझम. किमान २० टक्के घोटांत जोर ८००० च्या वर, तर अतिआकुंचन. ७० टक्क्यांहून जास्त घोट कमजोर, किंवा निम्मे वा त्याहून जास्त घोट पूर्ण वाया, तर निष्प्रभ हालचाल.

दोन इशारे इथे द्यायला हवेत. आकुंचनाचा अभाव दिसला आणि बोटांची कातडी ताठ झाली असेल, थंडीत बोटे पांढरी-निळी पडत असतील, तर स्क्लेरोडर्मा हा वेगळा आजार तपासावा लागतो. आणि पोटाच्या वरच्या टोकाला कर्करोग असला तर चित्र हुबेहूब अ‍ॅकॅलेशियासारखे दिसू शकते. म्हणून दुर्बीण टाळून थेट मॅनोमेट्रीवर उडी मारायची नाही. अफूवर्गातील वेदनाशामके दीर्घकाळ घेणाऱ्यांतही अशी चित्रे उमटतात, तेव्हा चालू औषधांची यादी डॉक्टरला दाखवा.

प्रकार कळला तर काय फरक पडतो?

नष्ट झालेल्या मज्जापेशी परत येत नाहीत. उपचार म्हणजे बंद दरवाजा मोकळा करणे. त्याच्या तीन मुख्य वाटा आहेत. दुर्बिणीतून ३० ते ४० मिलिमीटर रुंदीचा फुगा फुगवून दरवाजाचे स्नायू ताणणे. पोटावर छोटी छिद्रे पाडून ते स्नायू कापणे. ही शस्त्रक्रिया जर्मनीच्या अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये पोट उघडून प्रथम केली होती. आणि दुर्बिणीतूनच आतल्या थराखाली बोगदा करून स्नायू कापणे, म्हणजे पोएम. जपानचे हारुहिरो इनोउए यांनी ती २००८ मध्ये माणसावर प्रथम केली. अशक्त, वयस्क रुग्णांत बोटॉक्सचे इंजेक्शन देतात, पण त्याचा गुण काही महिन्यांत ओसरतो.

दुसऱ्या प्रकाराच्या रुग्णांना या उपचारांचा गुण सर्वांत चांगला येतो. तिसऱ्या प्रकारात फक्त दरवाजा ताणून भागत नाही, वरचा झटके देणारा भागही लांबवर कापावा लागतो; तिथे पोएम उपयोगी ठरते. पोएमनंतर आम्ल वर येण्याचा त्रास अधिक आढळतो, त्याची गोळी मात्र मग खरोखर लागते. आणि निष्प्रभ हालचाल असे नाव आलेल्या रुग्णाला बहुतेक वेळा कापाकापीची गरजच नसते. नीट चावून, घोट घेत, बसून जेवणे आणि सोबतच्या आम्लाचा उपचार यावर भागते. म्हणजे एकाच 'घास अडकतो' या तक्रारीवर एकाला शस्त्रक्रिया हवी आणि दुसऱ्याला ती मुळीच नको. नाव चुकले तर उपचार चुकतो.

उशीर झाला तर मात्र अन्ननलिका फुगून वाकडी होते, फुप्फुसात वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि वर्षानुवर्षे अन्न साचल्याने कर्करोगाचा धोकाही वाढतो.

हडपसरमधून पुढे कसे जायचे?

खोकला आणि वजन घटणे असेल तर क्षयरोगाची तपासणी आधी करून घ्याच, ती सरकारी केंद्रात मोफत आहे. ती निगेटिव्ह आली आणि घास अडकण्याची तक्रार कायम असेल, तर पोटविकार विभागाची वाट धरा. गाडीतळावरून पुणे स्टेशनकडे जाणाऱ्या बसने ससून रुग्णालय गाठता येते. बाह्यरुग्ण विभाग सकाळी असतो, म्हणून लवकर निघा. एक दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच कागद आधी गोळा करून एकाच फेरीत जास्त काम उरकावे. जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटे, रेशनकार्ड, आधार आणि वहीत लिहिलेले ते चार गुण सोबत ठेवा.

खासगी रुग्णालयात जायची वेळ आली तर दोन गोष्टी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का, आणि सांगितलेला उपचार योजनेत बसतो का. याचे उत्तर तिथला आरोग्यमित्र देतो. रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. ही उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार असलेली जबाबदारी आहे, कोणाचे उपकार नव्हेत. उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

कार्यकर्त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. पुढच्या शिबिरात रक्तदाबाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, "घास अडकतो का? पाणीही अडकते का? वजन किती उतरले?" ज्याचे उत्तर हो येईल त्याचा नंबर लिहून घ्या आणि आठवडाभरात त्याच्यासोबत रुग्णालयात कोण जाणार, ते तिथेच ठरवा. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयावर बोला. आपल्या मावशींनी, काकांनी दुर्बीण नॉर्मल आल्याचे सांगितले तर त्यांना घरी बसू देऊ नका. "मग बेरियम आणि मॅनोमेट्री कधी करायची?" हा प्रश्न त्यांच्या वतीने डॉक्टरला आपण विचारायचा आहे.